कालव्याकाठच्या सायकलवाटेसाठी एवढं खोदून काय बघतात?

दूर्वांकुर:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे स्थापत्यवाले बरेच आहेत म्हणून टाकते.

आम्ही लीड्समध्ये राहतो. लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या काठाने कर्कस्टॉलवरून सॉल्टेअरकडे जाणारी वाट आमच्या रोजच्या पायाखालची. आमच्या बाजूच्या एका तुकड्यात ती रुंद करायचं घाटतंय. मागच्या आठवड्यात तिथे ‘ग्राउंड इन्व्हेस्टिगेशन’ची पाटी लागली. पाटीमागे रबरी पट्ट्यांवरचं एक छोटं ड्रिलिंग मशीन नुसतं उभं, आणि दोन माणसं फावडी घेऊन हाताने खड्डा खणतायत! नंतर दुसऱ्या एका अरुंद भोकात करड्या रंगाच्या गोळ्या ओतून ते बुजवलं.

सायकलचं वजन ते किती! त्यासाठी एवढी जमीन तपासायची? आणि मशीन असताना हाताने का खणायचं? त्या गोळ्या कसल्या? तिथल्या माणसाला विचारलं तर तो फक्त गोड हसला.

हिशेबनीस:
ताई, उत्तर सोपं आहे. सल्लागार कंपनीला बिल लावायचं असतं. आधी सर्वेक्षण, मग त्याचा अहवाल, मग त्या अहवालावर अहवाल. अडीचशे वर्षं घोडे चालले त्या वाटेवर, तेव्हा कुणी बोअर मारले होते? (ह. घ्या.)

मातीवाला:
हिशेबनीस, टोमणा निम्मा मान्य. निम्म्याचं सांगतो. मी यॉर्कशायरमध्येच माती तपासण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे बिल लावणाऱ्यांपैकीच एक समजा.

दूर्वाताई, तुमची वाट म्हणजे खरं तर एका लांबलचक मातीच्या धरणाचा माथा आहे. लीड्स-लिव्हरपूल कालव्याचं काम १७७० ला सुरू झालं आणि १८१६ ला पुरं झालं. लांबी १२७ मैल. तुमच्याकडचा भाग पहिल्या काही वर्षांतला, १७७७ पर्यंत लीड्सला पाणी पोचलं होतं. एअर नदीच्या खोऱ्यात डोंगरउताराला धरून कालवा नेलाय. म्हणजे एका बाजूला उतार कापलाय आणि तीच माती खालच्या बाजूला टाकून बांध केलाय. वाट जिथे खालच्या बाजूने जाते तिथे डाव्या हाताला पाणी आणि उजव्या हाताला बारा-पंधरा फूट खाली कुणाचं तरी परसदार, अशी स्थिती असते.

पाणी अडवतं कोण? सिमेंट नव्हतंच. चिकणमाती पाण्यात कणकेसारखी मळून, माणसं आणि गुरं तिच्यावर नाचवून, थराथराने बसवायची. दोन-तीन फूट जाडीचा हा थर कालव्याच्या तळाला आणि कडेला असतो. ओला राहील तोवर उत्तम. वाळला की तडकतो, भोक पडलं की गळतो. आणि तो नेमका कुठवर आलाय याचा मूळ नकाशा बहुतेक ठिकाणी नाहीच.

आता तुमचे प्रश्न. हाताने खणतात कारण जमिनीखाली काय पुरलंय ते ठाऊक नसतं. इथे कुठलाही बोअर घेण्याआधी पहिला १.२ मीटर हाताने उघडायचा असा शिरस्ता आहे. त्याआधी केबल शोधायचं यंत्र फिरवतातच, पण यंत्राला सगळं दिसत नाही. शहरातल्या कालव्याकाठी फायबरच्या नळ्या, विजेच्या तारा, जुन्या गिरण्यांचे बंद पाइप, काहीही निघतं. लंडनच्या रीजंट्स कॅनॉलच्या वाटेखाली तर ४०० केव्हीची केबल आहे आणि तिला गार ठेवायला कालव्याचंच पाणी फिरवतात. तिथे मशीन लावून बघा!

करड्या गोळ्या म्हणजे बेंटोनाइट नावाची चिकणमाती. पाणी लागलं की फुगून भोक गच्च बंद करते. नुसती उपसलेली माती परत लोटली असती तर बांधात पाण्याला सरळ वाट मिळाली असती. तपासणी करायला गेलो आणि गळती लावून आलो, असं व्हायला नको म्हणून.

आणि वजनाचं म्हणाल तर सायकलचा कुणीच विचार करत नाही. वाट बांधताना खडी घेऊन येणारा सहा टनी डंपर भरला की दहा टनांच्या वर जातो. त्याची चाकं पाण्यापासून दोन हातांवर फिरतात. मागून थरथरणारा रोलर. त्या वाटेला तिच्या आयुष्यात सगळ्यात मोठा भार पडतो तो त्या बांधकामाच्या महिन्याभरात. माती तपासायची ती मुख्यतः त्यासाठी.

दूर्वांकुर:
बापरे. म्हणजे मी रोज धरणावरून चालते! धन्यवाद काका, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. एक राहिलं: खड्ड्यातून निघालेली माती काळीकुट्ट, राखेसारखी होती आणि त्यांनी ती डब्यांत भरून, लेबल लावून नेली. ते कशासाठी?

मातीवाला:
राखेसारखी नाही, राखच. लीड्स-ब्रॅडफर्डच्या गिरण्या कोळशावर चालायच्या, कोळसा होड्यांतून यायचा. राख फुकट आणि भरपूर. वाट चिखलली की राख टाका, खचली की राख टाका. शंभर-दीडशे वर्षं हे चाललं. त्यामुळे इथल्या नोंदवहीत वरचा अर्धा-एक मीटर बहुतेकदा एकच असतं: भराव, राख, क्लिंकर (म्हणजे भट्टीत वितळून गोळा झालेली राख), विटांचे तुकडे. त्याखाली बांधाची माती, आणि त्याखाली हिमनदीने आणलेली दगडगोटे मिसळलेली चिकणमाती किंवा नदीचा गाळ.

राखेत शिसं, आर्सेनिक, आणि अर्धवट जळलेल्या कोळशातून येणारी पीएएच नावाची संयुगं सापडतात. डांबराचे जुने थर असतील तर कोलटार आहे का ते बघतात. कोलटार निघालं तर ते धोकादायक कचऱ्यात जातं आणि विल्हेवाटीचा खर्च कित्येक पट वाढतो. ॲस्बेस्टॉसचे तुकडेही अधूनमधून. घाबरू नका, चालणाऱ्याला त्याचा त्रास नसतो. वरून पक्का थर आला की संपर्कच तुटतो. प्रश्न येतो तो खणणाऱ्या कामगाराचा, आणि उपसलेली माती कुठे टाकायची याचा. म्हणून चांगला डिझायनर शक्यतो उपसतच नाही. आहे त्यावर कापड अंथरून वर खडी चढवतो. पण मग वाटेची उंची वाढते, पुलाखाली डोकं आपटतं आणि पावसाचं पाणी कुणाच्या तरी कुंपणात जातं. तिढा सुटत नाही, फक्त जागा बदलतो.

पर्वतीपायथा:
नमस्कार. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून आयुष्य गेले, आता निवृत्त. मातीवाले, आपण वर्णन केलेली मळलेली माती म्हणजे आमच्याकडच्या धरणातले हार्टिंग. फरक इतकाच की आमच्याकडे ते बांधाच्या पोटात असते, आपल्याकडे कालव्याला अस्तरासारखे.

पुण्यात हा विषय जुनाच आहे. मुठा उजवा कालवा शहरातून जातो, त्याच्या काठाने लोक वर्षानुवर्षे फिरतात, आणि तिथे चांगली वाट व्हावी अशी मागणी अधूनमधून डोके वर काढते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ हाच कालवा फुटला आणि खालच्या वस्तीत भरदिवसा पाणी शिरले. लोकांचे संसार वाहून गेले. तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी बांध पोखरल्याचे सांगितले होते. त्यावर महाराष्ट्र हसला.

मिसळपुणेरी:
आणि पुढच्याच वर्षी तिवरे धरण फुटलं! तिथेही खेकडेच आरोपी. आपल्याकडे खेकड्यांना वकील मिळायला हवा.

पर्वतीपायथा:
तिवऱ्यात जुलै २०१९ मध्ये झोपेत माणसे गेली. त्यावर विनोद नको, ही विनंती. बिळे हे कारण असू शकते. पाटकऱ्याला विचारा, घुशीचे बीळ दिसले की तो आधी पावसाळ्याचे दिवस मोजतो. प्रश्न बिळे कुणी केली हा नसून ती कुणी पाहिली, कधी पाहिली आणि नोंद कुठे झाली, हा आहे.

मिसळपुणेरी:
चुकलंच. विनोद मागे घेतो.

मातीवाला:
पर्वतीपायथा साहेब, अगदी हेच लिहिणार होतो. इंग्लंडमध्ये खेकड्यांच्या जागी बॅजर आहेत. बॅजर बांधात कित्येक मीटर आत बोगदे करतात, आणि १९९२ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. त्यांचं बीळ परवान्याशिवाय हलवता येत नाही. दुसरे ते सिग्नल क्रेफिश. अमेरिकन चिंगट, १९७० च्या दशकात खाण्यासाठी पाळायला आणले, निसटले आणि आता काठ पोखरतात. तेव्हा खेकड्याचा चुलतभाऊ इथेही आरोपीच्या पिंजऱ्यात आहे.

बीळ स्वतः बांध पाडत नाही. पाण्याचा पाझरायचा रस्ता ते तोकडं करतं. रस्ता तोकडा झाला की पाण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की बारीक कण वाहून जायला लागतात, आतून नळी तयार होते आणि ती मागे मागे पाण्याकडे सरकत जाते. बाहेर काय दिसतं? बांधाच्या पायथ्याशी ओलसर जागा, उन्हाळ्यातही हिरवंगार गवत, आणि पाझरणारं पाणी गढूळ. पाणी स्वच्छ असेल तर थोडा वेळ आहे. गढूळ असेल तर फोन उचला.

म्हणून पाहणीचा सगळ्यात मोलाचा दिवस मशीनचा नसतो. काठी घेऊन बांधाच्या पायथ्याने चालण्याचा असतो, तेही हिवाळ्यात, झाडोरा झडलेला असताना. वाटेवरून चालणाऱ्याला वाटच दिसते. बांध खालून बघायचा असतो.

डेल्फ्टचा_पाहुणा:
छान धागा. नेदरलँड्समधून भर घालतो. इथे उलटी गंमत घडली. २६ ऑगस्ट २००३ ला विल्निस नावाच्या गावात कालव्याचा बांध सरकला आणि पाणी वस्तीत आलं. पाऊस नव्हता, कडक उन्हाळा होता. बांध पीट मातीचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची माती. ती वाळली आणि वजनाला हलकी झाली. पाण्याचा दाब तेवढाच राहिला, त्याने तो अख्खा तुकडा बाजूला ढकलला. त्यानंतर इथे दुष्काळ पडला की बांध तपासायला माणसं निघतात, त्यात स्वयंसेवकही असतात. या बांधांवर सायकलवाटा सर्रास आहेत. वाटेच्या डांबराला कडेने लांब भेग दिसली की सायकलवाला वैतागतो आणि बांधवाला सावध होतो.

मातीवाला:
उत्तम उदाहरण. लिव्हरपूलकडच्या टोकाला, पश्चिम लँकेशरच्या सपाटीत आम्हालाही पीट लागतं. तिथे वर खडीचा जाड थर टाकला की वाटच हळूहळू खाली बसायला लागते.

खापर:
पुरातत्त्वाच्या बाजूने दोन शब्द. ‘जुनी राख’ म्हणून जी बाजूला सारता तो आमच्या दृष्टीने दस्तऐवज असतो. वाटेच्या कापात कधी खाली घोड्यांच्या टापांसाठी बसवलेले दगड लागतात, त्यावर राख, त्यावर खडी, त्यावर डांबर. कडेचे कठड्याचे दगड, मैलाचे दगड, पुलाच्या कोपऱ्यावर दोरांनी घासून पडलेल्या खाचा, हे सगळं मूळ जागी आहे. बिंग्लीचे पाच पायऱ्यांचे जलपाश (होड्या वर-खाली नेणारे दरवाज्यांचे हौद), १७७४ चे, इथल्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहेत. अशा ठिकाणी नुसती चाचणी-खड्ड्याची जागासुद्धा आधी ठरवून, परवानगी घेऊन, पुरातत्त्ववाला काठावर उभा ठेवून खणावी लागते. आणि सॉल्टेअर २००१ पासून जागतिक वारसा आहे, हे दूर्वाताईंना ठाऊक असेलच.

माती तपासणारे आणि आम्ही वेगवेगळे खड्डे का खणतो, हे मला आजवर कळलेलं नाही. एकच खड्डा, दोघांनी मिळून बघावा.

मातीवाला:
हे शंभर टक्के मान्य. अडचण अशी की दोघांची कंत्राटं वेगवेगळ्या महिन्यांत निघतात.

हिशेबनीस:
बरं, ऐकून घेतलं. विल्निसने जरा गप्प केलं मला. पण मूळ मुद्दा सोडत नाही. प्रत्येक किलोमीटरला बोअर हवाच का? जनतेचा पैसा आहे. किती तपासणी पुरे, हे कोण सांगणार? तपासणी करणाराच?

मातीवाला:
हा प्रश्न योग्य आहे, आणि माझ्या धंद्याला तो आवडत नाही. माझं मत असं:

बहुतेक लांबीला बोअर लागत नाही. सपाटीवर, जिथे कालवा जमिनीच्या पातळीला किंवा तिच्याखाली आहे, तिथे हाताने खणलेले उथळ खड्डे आणि डीसीपी पुरते. डीसीपी म्हणजे आठ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटरवरून सोडायचा, खाली टोकदार शंकू, एका ठोक्याला किती मिलिमीटर घुसला ते मोजायचं. त्यावरून सीबीआरचा, म्हणजे जमीन किती भार पेलेल याच्या मापाचा, अंदाज येतो, आणि त्यावर खडीचा थर किती जाड ते ठरतं. दोन माणसं दिवसभरात बराच पल्ला मारतात. फक्त विटा-दगडांच्या भरावात शंकू अडकतो आणि जमीन आहे त्याहून घट्ट भासते, म्हणून शेजारी खड्डा हवाच.

खोल तपासणी हवी ती मोजक्या जागी: उंच बांध, पाण्याकडे झुकलेली दगडी भिंत, रस्त्यावरून वाटेवर उतरणारा नवा उतार, नवा पूल. बांधात पिझोमीटर बसवून आतल्या पाण्याची पातळी बघायची. कालव्याची पातळी हलली की आतलीही लगेच हलत असेल, तर अस्तर गळतंय. विजेच्या रोधावरून ओली जागा शोधायचं सर्वेक्षणही बांधाच्या लांबीने करता येतं, भोक न पाडता. रडारवाले येतील, पण ओल्या चिकणमातीत रडार फार खोल बघत नाही, तेव्हा तिथे पैसे घालवू नका.

लीड्सच्या बाजूला अजून एक भानगड: जुनं कोळसा-खाणकाम. वाटेला त्याचा त्रास क्वचित, पण बोअर कोळशाच्या थरातून जाणार असेल तर मायनिंग रेमेडिएशन ऑथॉरिटीची, म्हणजे पूर्वीच्या कोल ऑथॉरिटीची, परवानगी आधी लागते.

आणि ज्यावर मी सगळ्यात जास्त भांडतो ते: घरबसल्या होणारी कागदी पाहणी आधी आणि नीट करा. ती सगळ्यात स्वस्त, आणि घाईत तिलाच कात्री लागते. जुन्या नकाशात एखाद्या गिरणीची गोदी दिसते, होड्या आत घ्यायची बाजूची खाडी. आज तिथे झाडं आणि बाक आहे. ती गोदी कशाने तरी बुजवलीय, आणि तिचं तोंड तुमच्या वाटेखाली आहे. हे नकाशात पाच मिनिटांत कळतं. बोअर दहा मीटर इकडेतिकडे झाला तर कधीच कळत नाही.

पर्वतीपायथा:
आमच्याकडे यात काळी माती मिळवा. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. काँक्रीटचे अस्तरसुद्धा उचलते. म्हणून अशा मातीत अस्तरामागे न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देतात, खात्यात त्याला सगळे सीएनएसच म्हणतात. भारतीय मानक ९४५१ त्यासाठीच आहे. काठावर पेव्हर ब्लॉक घालणाऱ्याने निदान माती किती फुगते तेवढे तरी पाहावे. चाचणी अगदी साधी: दहा-दहा ग्रॅम चाळलेली कोरडी माती दोन नळ्यांत, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, चोवीस तास ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दोन्ही उंचींतला फरक पाहा.

एकदा एका ठिकाणी कालव्याच्या सेवापथावर मुरूम टाकून वर फरशी बसवलेली पाहिली. दिसायला सुंदर. बांधाची पाहणी करायची तर आता गळती फरशीखालून वाहणार आणि कुणाला दिसणार नाही. यंत्र आत न्यायचे तर फरशी फुटणार. कालव्याचा काठ हा आधी देखभालीचा रस्ता आहे, मग फिरायचा.

सायकलवेडी:
काका लोकांनो, सायकलवाल्यांचीही बाजू घ्या कुणीतरी! इंग्लंडची सायकलवाटांची नियमावली म्हणते की तासाला तीनशेपर्यंत सायकली असतील तर चालणारे आणि सायकलवाले मिळून तीन मीटर रुंदी हवी. कालव्यावर कित्येक जागी दोन मीटरही नाही. मग रुंदी आणायची कुठून? पाण्याकडे?

मातीवाला:
पाण्याकडे सरकवायची म्हणजे अस्तरावर पाय देणं. उताराकडे सरकवायची म्हणजे बांधाच्या खांद्यावर नवा भराव, आणि त्याच्या वजनाने उतार सरकेल का याचं गणित. म्हणून तर आम्ही लागतो! खरं सांगायचं तर कित्येक जागी प्रामाणिक उत्तर ‘इथे रुंद करू नका, सायकलचा वेग कमी करा’ हेच असतं. इंग्लंड-वेल्समधले दोन हजार मैल सांभाळणारा कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टही या वाटांवर पायी चालणाऱ्याला अग्रक्रम देतो. वेगाने जायचं असेल त्याला रस्त्यावर वेगळी मार्गिका मिळायला हवी. कालव्यावर ढकलून तो प्रश्न सुटला असं दाखवतात, ते मला पटत नाही.

बांध फुटणं ही जुनी, सरलेली गोष्ट नाही, हे लक्षात असू द्या. १७६१ ला सुरू झालेल्या ब्रिजवॉटर कालव्याचा बांध जोरदार पावसानंतर १ जानेवारी २०२५ ला डनहॅम मॅसीजवळ फुटला. वाटेसकट गेला.

दूर्वांकुर:
पुढच्या महिन्यात आमच्याकडे खुली सभा आहे, लोकांचे प्रश्न घेणार आहेत. मी जाणार. काका, नेमकं काय विचारू? आणि जुने नकाशे मला घरी बघता येतील का?

मातीवाला:
येतील, फुकट. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे आहेत, आजच्या उपग्रहचित्रावर टाकून सरकपट्टीने बघता येतात. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेच्या ‘जिओइंडेक्स’वर आसपासच्या जुन्या बोअरच्या नोंदी मिळतील. आधी आपल्या तुकड्यात बुजवलेली गोदी किंवा जुनी गिरणी आहे का ते शोधून जा. सभेत समोरचे सरसावून बसतात.

सभेत विचारा: बांध खालून कुणी, कोणत्या महिन्यात पाहिला? डंपर कुठून आत येणार आणि त्याचं वजन किती धरलंय? रोलर थरथर बंद ठेवून चालवणार का? कामासाठी कालवा रिकामा करणार असाल तर काठाच्या जुन्या भिंतीचं काय? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. पाणी त्या भिंतीला आतून टेकू देत असतं. पाणी झपाट्याने उतरवलं तर मागची माती ओलीच असते, टेकू मात्र गेलेला, आणि भिंत कालव्यात येते. वर तळाची चिकणमाती उघडी पडून वाळली तर तडकते ते वेगळंच.

आणि पिझोमीटरचे आकडे मागा. एकाच दिवसाचं वाचन दाखवलं तर ते धरू नका. कालवा भरलेला असतानाचं, पाणी उतरवल्यानंतरचं आणि मोठ्या पावसानंतरचं, अशी तिन्ही वाचनं मागा. नसतील तर ‘अजून वाट बघतो’ म्हणा. हिवाळा जाऊ द्यायला हरकत नाही.